पहिलं 'नको' पाहुण्याचं

चहा घ्या आधी. घ्या हो! आणि 'नको' म्हणू नका, निदान माझ्यासमोर तरी. या एका 'नको'पायी मी स्वतःची जी शोभा करून घेतली ना, ती ऐकलीत तर समोर आलेला कप तुम्ही जन्मात परत पाठवणार नाही.

तर मी जळगावला, ठिबक सिंचनाच्या नळ्या बनवणाऱ्या कारखान्यात. लागले तेव्हा ट्रेनी होते, चढत चढत उत्पादन विभागाची उपप्रमुख झाले. उपप्रमुख म्हणजे काय, ठाऊक आहे ना? काम सगळं आपलं आणि सही दुसऱ्याची. प्लांट हेड म्हणून कधी पुण्याचे साहेब यायचे, कधी नागपूरचे. मी त्यांना कारखाना दाखवायचे, कुठलं मशीन सकाळी रुसतं ते सांगायचे, आणि साहेबांना सगळं समजायला लागलं की त्यांची बदली व्हायची. पुन्हा नवे साहेब, पुन्हा माझं पहिल्यापासून सुरू. शिकवणी वर्गच म्हणा ना!

यंदा मात्र नवल झालं. आमचे साहेब निवृत्त होणार म्हटल्यावर मुख्य कचेरीतून फर्मान आलं, या वेळी कारखान्यातल्याच माणसाची मुलाखत आधी घेऊ, जमलं नाही तरच बाहेर बघू. आणि नाव होतं एकच. माझं.

आता तुम्ही विचाराल, तुला ती खुर्ची हवी होती का? अहो, हवी होती म्हणजे काय! खुर्ची जाऊ द्या चुलीत, मला एक बस हवी होती. आमच्या पॅकिंगमधल्या बायका आजूबाजूच्या गावांतून येतात. संध्याकाळची पाळी सुटली की फाट्यावर उभ्या, मिळेल त्या वाहनाला हात करत. मी प्रत्येक साहेबांकडे बस मागितली. प्रत्येक साहेब म्हणाले, "बघू." कुणी बघितलं नाही. पॅकिंगमधली एक चांगली, चटपटीत पोरगी तर घरच्यांनी याच कारणानं कामावरून काढून घेतली. तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं, एकदा सहीचा हक्क आला की पहिली सही बसच्या कागदावर.

मग काय, तयारी सुरू! आमचे हे शाळेत शिक्षक. संध्याकाळी जेवणाच्या टेबलापलीकडे बसून माझी मुलाखत घ्यायचे. वर लग्नातला कोट, खाली पायजमा.

"टेल मी अबाउट युवरसेल्फ," हे म्हणाले.

"इतकी वर्षं संसार केला, अजून माहिती हवीये?"

"अगं, असं नाही बोलायचं मुलाखतीत!"

"मग कोट काढा. मला हसू येतं."

मोबाइलवर एक मुलाखतीचे गुरुजी सापडले. फार गोड बोलायचे. त्यांचं एक वाक्य मी घोकून ठेवलं, 'पदासाठी हपापलेले दिसू नका.' ऐकलं आणि मी गुडघ्यावर थाप मारली. ही तर आमच्या अक्काची शिकवण! अक्का म्हणजे माझी आई, धुळ्याला देवपुरात असते. लहानपणी कुणाकडे जायचं म्हटलं की दाराबाहेरच दम द्यायची, "पुढे केलं की लगेच हात पसरायचा नाही. नको म्हणायचं. पुन्हा विचारलं तरी नको म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की मग घ्यायचं, नाहीतर लोक म्हणतील घरी खायला मिळत नाही." त्या नियमापायी मी किती लाडू गमावले असतील देव जाणे. पण वळण ते वळण!

मुलाखतीच्या दिवशी सकाळी कँटीनचे सुपडूभाऊ आले. हा माणूस रोज माझ्याशी तेच भांडण करतो.

"ताई, चहा?"

"नको हो भाऊ, आज नको."

"अर्धा?"

"नको म्हटलं ना!"

"बरं, ठेवून देतो इथं. नाही प्यालात तर माझा." आणि कप ठेवून जातात. मी पिते. रोज पिते! आमच्याकडे चहा असाच प्यायला जातो, त्यात कुणाला काही वाटत नाही.

मुलाखत घ्यायला बंगळुरूहून मेनन मॅडम आल्या होत्या. कंपनीच्या डायरेक्टर. आधी बरीच वर्षं जर्मनीत होत्या. उंच, कापलेले केस, बोलणं नेमकं. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. आमचं सगळं इंग्रजीत चाललं होतं, मी तुम्हाला आपल्या भाषेत सांगते.

आणि मुलाखत काय रंगली म्हणता! उत्पादन, वाया जाणारा माल, माणसं सांभाळणं, जे विचारलं ते मला येत होतं. बसचं सांगितलं तेव्हा मॅडमनी पेन खाली ठेवून ऐकलं. बघू म्हणाल्या नाहीत! मला तर वाटलं, उठून मिठीच मारावी बाईला.

शेवटी मॅडम हसल्या. म्हणाल्या, "वैशाली, ही जबाबदारी घ्यायला आवडेल तुम्हाला?"

बोला! देव ताट वाढून समोर उभा. शहाण्या माणसानं काय म्हणावं? मी काय म्हणाले? मी पदर सावरला, मान थोडी कलती केली आणि म्हणाले, "छे छे मॅडम! मी कसली एवढी मोठी? माझ्याहून लायक माणसं कितीतरी असतील. आधी त्यांचा विचार करा."

मॅडमचं हसू जरा कमी झालं. "नक्की?"

"हो हो मॅडम, नक्की."

"ठीक आहे. स्पष्ट बोललात, आभारी आहे," म्हणाल्या आणि समोरची फाइल मिटली.

मी बसून. हसतमुख! आता दुसऱ्यांदा विचारतील म्हणून बसून. ते 'नक्की?' मी धरलंच नव्हतं. एवढ्याशा शब्दाला कुणी आग्रह म्हणतं का? आग्रह म्हणजे कसा, हाताला धरून, शपथ घालून! मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढे केला. मी त्यालाही नको म्हणाले. त्यांनी तो परत घेतला.

बाहेर आले ती अगदी तरंगत. घरी यांना सांगितलं. हे म्हणाले, "लगेच हो नाही ना म्हणालीस?"

"वेडी आहे का मी?"

"झकास! आता दुसऱ्यांदा विचारतील तेव्हा काय म्हणशील?"

मग आम्ही दुसऱ्या नकाराचीही तालीम केली. 'विचार करायला थोडा वेळ द्या' हे दुसऱ्यांदा, आणि 'आता तुम्ही एवढं म्हणताच आहात तर...' हे तिसऱ्यांदा. ते तिसरं वाक्य मी आरशासमोर इतकं सुरेख म्हटलं की माझंच मला कौतुक वाटलं. अक्काला फोन लावला. ती खूश! "शाब्बास! एकदा इचारं की लगेच हाव म्हननारी आपली पोर नही!"

बघा, म्हणजे विहिरीत मी एकटी पडले नव्हते. अख्खं घर काठावर उभं राहून टाळ्या वाजवत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एचआरच्या तनुजाचा फोन आला. पुण्याची मुलगी, गोड बोलते. मी घसा साफ केला. दुसरा आग्रह आला!

"वैशाली मॅडम, तुमच्या निर्णयाचा आम्ही सगळे आदर करतो."

"कुठल्या निर्णयाचा?"

"तुम्ही पद नाकारलंत ना काल. बाहेरच्या उमेदवारांना बोलवायला सांगितलंय मेनन मॅडमनी."

"नाकारलं? मी?" मी किंचाळलेच. तनुजा बिचारी समजूतदार. म्हणाली, "मॅडम, काही गैरसमज झालाय का? हवं तर मी आत्ता मेनन मॅडमशी तुमचं बोलणं करून देते."

आणि मी काय म्हणाले असेन? नाही, सांगाच तुम्ही!

"नको नको, कशाला त्यांना त्रास!"

फोन ठेवला आणि कपाळावर हात मारून घेतला. एवढ्या जोरात की हे कोट न घालताच धावत आले. मग मात्र मला रडू फुटलं. हसण्यावारी नेते मी आता, पण तेव्हा खरंच फार वाईट वाटलं. पुन्हा नवे साहेब येणार, पुन्हा मी त्यांना मशीन दाखवणार, आणि बायका पुन्हा फाट्यावर उभ्या. आणि हे सगळं कुणी केलं? शत्रूनं नाही, भाऊबंदांनी नाही. माझ्या तोंडानं केलं!

एकच आशा होती. त्याच दुपारी मॅडम आमची ठिबक प्रत्यक्ष शेतात कशी चालते ते बघायला रावेरला येणार होत्या, माझ्या दिरांच्या केळीच्या बागेत. ते आधीच ठरलं होतं. थंडीचे दिवस, म्हणून जेवणाला भरीत. त्यासाठी अक्का पहाटेच धुळ्याहून निघाली होती. जळगावच्या स्टँडवर तिला गाडीत घेतलं आणि झालेला प्रकार सांगितला.

माझी बाजू घ्यायची म्हणून अक्का मॅडमवरच उखडली. "हाई कशी बाई शे? पुन्हा इचारानी रीत नही का तिले?"

"अक्का, त्यांच्यात एकदाच विचारतात."

"मग त्या जेवतस तरी कशा?"

मी यांना म्हटलं, शाळेची रजा काढून आलात ना, आता गाडी दामटा!

बागेत मॅडम माझ्याशी नीट बोलल्या, कामाचं सगळं विचारलं. मी उत्तरं दिली. आत मात्र एकच वाक्य घोळत होतं, 'मॅडम, काल माझं चुकलं.' पण ते वाक्य ओठापर्यंत यायचं आणि केळीच्या झाडांकडे बघून परत जायचं. दीर सोबत, मजूर सोबत, कंपनीची माणसं सोबत. कसं बोलणार?

तोवर बांधावर पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काटक्यांवर वांगी खरपूस भाजून झाली होती. अक्कानं ती हिरव्या मिरच्या, लसूण घालून बडवली, वरून कांद्याची पात, कच्चं तेल. सोबत ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी. वास असा सुटला होता की माझं दुःख घटकाभर बाजूला बसलं.

आम्ही सतरंजीवर पंगतीला बसलो. मॅडमच्या एका बाजूला मी, समोर हे. मॅडमनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. "वा!" अक्का लगेच भरिताचं पातेलं घेऊन हजर.

"नको, पुरे," मॅडम म्हणाल्या.

"ल्या माय, ल्या! बठ्ठं तुमनासाठेच करेल शे!" सगळं तुमच्याचसाठी केलंय म्हणत अक्कानं वाढलं.

मॅडमनी ते संपवलं. अक्का पुन्हा हजर. मॅडमनी ताटावर हात आडवा धरला. अक्कानं हातावरच वाढलं! बोटांवरून भरीत, बोटांवरून तेल. हे पद तर गेलंच होतं, आता असलेली नोकरीही जाणार!

मॅडमनी बोटांकडे बघितलं, अक्काकडे बघितलं, मग माझ्याकडे वळल्या. रागावल्या नव्हत्या, चक्रावल्या होत्या. "मी नको म्हटलं. त्यांना कळलं नाही का?"

"कळलं मॅडम."

"मग वाढलं का?"

आता आली का पंचाईत! मी समजावून सांगायला लागले. "मॅडम, आमच्याकडे पहिलं 'नको' पाहुण्याचं असतं. ते सगळेच म्हणतात. दुसरं 'नको' त्याच्या आईबापाच्या वळणाचं. तिसऱ्यांदा विचारल्यावर माणूस जे बोलतो, ते त्याचं स्वतःचं. म्हणून तीनदा विचारल्याशिवाय आम्ही कुणाचा नकार खरा मान..."

आणि माझी जीभ तिथंच अडकली. कारण मी काय बोलतेय ते माझ्याच कानांनी ऐकलं.

मॅडमनीही ऐकलं होतं. तेलकट बोटं तशीच हवेत धरून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग सावकाश म्हणाल्या, "वैशाली. काल तुम्ही मला जे म्हणालात, ते कितवं होतं?"

इंग्रजी न कळणारी अक्का पातेलं धरून यांच्या तोंडाशी कान नेऊन वाकली.

"पहिलं, मॅडम," मी म्हणाले.

मॅडम आधी गालात हसल्या. मग मोठ्यानं हसल्या. मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. म्हणाल्या, "रात्री मला कळेचना, एवढं पोटतिडकीनं बसबद्दल बोलणारी बाई नाही का म्हणाली! बरं, मग आता पुन्हा विचारते. प्लांट हेड होणार का?"

बघा, दार उघडलं. स्वतः डायरेक्टर दार धरून उभ्या. आत पाऊल टाकायचं फक्त. आणि मी, मी वैशाली पाटील, दोन्ही हात हलवत म्हणाले, "अहो मॅडम, माझं कुठं घेऊन बसलात, आधी जेवा तुम्ही, गार होतंय..."

समोर यांच्या हातातली भाकरी ताटात पडली.

"हे दुसरं," मॅडम म्हणाल्या. बोटं पुसली, ताठ बसल्या आणि एक एक शब्द सुटा करत म्हणाल्या, "तिसऱ्यांदा विचारते. होणार का?"

मी तोंड उघडलं. खरं सांगते, त्या तोंडातून काय बाहेर पडणार होतं ते मलाही माहीत नव्हतं! 'आता तुम्ही एवढं म्हणताच आहात तर' हे ते आरशासमोरचं वाक्य पार विसरले होते. पण अक्काला माहीत होतं. तिनं मला लहानाचं मोठं केलंय. इंग्रजी कळलं नसेल, पण यांनी तोपर्यंत तिच्या कानात सगळं सांगितलं होतं. ती वाकली, भाकरीचा भला मोठा घास भरितात बुडवला आणि माझ्या उघड्या तोंडात कोंबला.

"तू गप बस अन् खाय!"

घास एवढा मोठा की श्वास घ्यायची पंचाईत. मिरची टाळूला लागली. डोळ्यांतून धारा. बोलायची सोय नाही, म्हणून मी नुसती मान हलवली. वर-खाली. जोरजोरात. धारा काही सगळ्या मिरचीच्या नव्हत्या हो.

"हे त्यांचं स्वतःचं," मॅडम म्हणाल्या आणि आपणहून ताट पुढे केलं. अक्कानं त्यांना तिसऱ्यांदा वाढलं.

लोक मला विचारतात, एवढ्या मोठ्या पदाच्या मुलाखतीसाठी काय तयारी केली? काय सांगू? तोंड भरलेलं ठेवा, एवढंच.

पुढं रीतसर पत्र आलं, मी खुर्चीत बसले आणि पहिली सही बसच्या कागदावर केली. अगदी ठरवलं होतं तशी. परवा बस सुरू झाली! पाळी सुटल्यावर पहिली फेरी. पॅकिंगच्या बायकांनी झेंडूच्या माळा लावल्या, नारळ फोडला. मी तर सकाळपासून ठरवून बसले होते, पहिल्या फेरीला आपण त्यांच्याबरोबर बसायचं, अगदी शेवटच्या गावापर्यंत जायचं आणि त्याच बसनं परत यायचं. म्हणून माझी स्कूटी यांच्याबरोबर घरी पाठवून दिली होती.

बायका भराभरा चढल्या. दारात सुपडूभाऊ उभे, सगळ्यांना खोबरं वाटत होते.

"साहेब, बसता का?" ते म्हणाले. ताई नाही. साहेब!

"नको नको भाऊ, होऊ द्या त्यांचं," मी म्हणाले. आणि हसतमुख उभी राहिले.

"बरं साहेब!" म्हणाले सुपडूभाऊ आणि बसच्या पत्र्यावर थाप मारली. "चला, जाऊ द्या!"

बस गेली. अहो, गेली! खिडक्यांतून सगळ्या बायका मला हात करताहेत आणि मी नारळाची शेंडी हातात धरून फाटकात उभी.

"भाऊ!" मी ओरडलेच. "दुसऱ्यांदा विचारलं का नाही? रोज चहाला अर्धा-अर्धा करत भांडता ना माझ्याशी?"

"ताईंशी भांडत होतो," भाऊ शांतपणे म्हणाले. "साहेबांनी एकदा नको म्हटलं की नको. साहेबांचा शब्द कसा मोडायचा?"

म्हणजे बघा, एवढी धडपड करून मी अशा खुर्चीत जाऊन बसले, की जिथं आता मला कुणीही, कधीही दुसऱ्यांदा विचारणार नाही!

तेवढ्यात एक शेअर रिक्षा फाटकाशी हळू झाली. "ताई, यायचं का?" त्यानं विचारलं.

"हो!" मी म्हणाले आणि उडी मारून आत बसले. पहिल्याच विचारण्याला! बरंच पुढं गेल्यावर कळलं, रिक्षा माझ्या घराच्या उलट्या दिशेनं चालली होती.